गोटीचा आवाज

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



आपल्याकडे कामधंदा नसलेल्या माणसाला टोमणा मारायचा असला, की विचारतात, 'काय रे, गोट्या खेळतोस का?' शाळेत गुरुजी चिडले की हमखास म्हणायचे, 'आम्ही काय इथं गोट्या खेळायला बसलोय?' म्हणजे गोटी हे आपल्याकडे रिकामपणाचं लक्षण. आज मी तुम्हाला अशा एका देशाविषयी सांगणार आहे, जिथं मोठी माणसं उन्हात रांग लावतात, एक गोटी हातात घेतात आणि तिच्या जोरावर देशाचा राष्ट्राध्यक्ष ठरवतात. २०१६ च्या डिसेंबरमध्ये अशाच गोट्यांनी २२ वर्षं खुर्चीवर बसलेल्या एका राज्यकर्त्याला खाली उतरवलं. तो देश म्हणजे पश्चिम आफ्रिकेतला गांबिया.

नकाशावर हा देश पटकन सापडत नाही. अटलांटिक महासागराच्या काठापासून आत शिरलेली एक बारीक पट्टी, मधून वाहणारी गांबिया नदी आणि तीन बाजूंनी सेनेगल. क्षेत्रफळ आपल्या सातारा जिल्ह्याहून थोडंसं जास्त. त्या निवडणुकीच्या वेळी लोकसंख्या वीस लाखांच्या आसपास. मुख्य पीक भुईमूग. ज्यांनी अ‍ॅलेक्स हेली यांची 'रूट्स' वाचली असेल, त्यांना त्यातलं जुफुरे गाव आठवेल. ते गाव याच नदीच्या काठावर आहे. इंग्रजांचं राज्य १८ फेब्रुवारी १९६५ रोजी संपलं. मांडिंका, फुला, वोलोफ, जोला अशा अनेक भाषा इथं बोलल्या जातात आणि राज्यकारभार चालतो इंग्रजीत.

आता ही गोटीची भानगड काय, ते सांगतो. साठच्या दशकात, इंग्रज अजून तिथं होते तेव्हा, प्रश्न पडला की बहुसंख्य लोकांना लिहिता-वाचता येत नाही, तर त्यांचं मत घ्यायचं कसं? त्यावर हा तोडगा निघाला. मतदान केंद्रात जितके उमेदवार, तितकी पत्र्याची पिंपं. प्रत्येक पिंपाला त्या उमेदवाराचा रंग, वर त्याचा फोटो आणि निशाणी. पिंपाच्या माथ्यावर एक नळी. मतदाराची ओळख पटली, बोटाला शाई लागली, की अधिकारी त्याच्या हातावर एक गोटी ठेवतो. मतदार आडोशाला जातो आणि आपल्या पसंतीच्या पिंपात गोटी सोडतो. गोटी नळीतून घरंगळते आणि आतल्या घंटीवर आपटते. टिंग!

हा आवाज बाहेर बसलेल्या सगळ्यांना ऐकू येतो. मत पडलं हे सगळ्यांना कळतं, पण कुठल्या पिंपात पडलं हे कुणालाच कळत नाही. दोनदा टिंग झालं तर समजायचं की काहीतरी काळंबेरं आहे. पिंपाच्या तळाशी वाळू किंवा भुसा पसरलेला असतो, म्हणजे गोटीवर गोटी आपटून भलता आवाज व्हायला नको. एवढंच काय, मतदानाच्या दिवशी केंद्राच्या आसपास सायकली आणायला बंदी असते, कारण सायकलच्या घंटीचा आवाज अगदी तसाच!

मोजणीची रीतही तितकीच साधी. पिंप उघडायचं आणि गोट्या ट्रेमध्ये ओतायच्या. ट्रेला ओळीनं खळगे पाडलेले असतात, कुठल्या ट्रेला २००, कुठल्या ट्रेला ५००. सगळे खळगे भरले की एवढी मतं झाली. त्यासाठी आकडेमोड लागत नाही, अक्षरओळखही लागत नाही. एखादा खळगा रिकामा राहिला तर तो उमेदवाराच्या प्रतिनिधीलाही दिसतो आणि दाराशी उभ्या असलेल्या पोलिसालाही. २०१६ साली यात एक मोलाची भर पडली. पिंपं उचलून दुसरीकडे न नेता जिथं मतदान झालं तिथंच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत गोट्या मोजायच्या, असं ठरलं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं ती कामाला येणार आहे.

श्रोतेहो, हे ऐकून कुणाला हसू येईल. पण आपणही याच वाटेनं आलो आहोत. १९५१-५२ ची आपली पहिली सार्वत्रिक निवडणूक आठवा. मतदार १७ कोटींहून अधिक आणि साक्षरतेचं प्रमाण १८ टक्क्यांच्या आसपास. तेव्हाचे मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढं हाच प्रश्न होता आणि उत्तरही जवळपास हेच निघालं. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर निशाणी. मतपत्रिकेवर काही लिहायचं नाही की शिक्का मारायचा नाही, ती फक्त आपल्या पसंतीच्या पेटीत टाकायची. त्या लोखंडी पेट्या लाखोंच्या संख्येनं मुंबईत, विक्रोळीच्या गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या होत्या. बैलजोडी, झाड, झोपडी, पणती ही चित्रं पाहून आपल्या आज्या-आजोबांनी मतं टाकली. माझ्या दादीला स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं. पण आपण मत कुठं टाकलं, हे तिनं मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. विचारलं तर म्हणायची, 'वो मेरे और पेटी के बीच की बात है.' 'अंगठेबहाद्दर' हा शब्द आपण शिवीसारखा वापरतो. गुप्त मतदान म्हणजे काय, हे त्या अंगठेबहाद्दर बाईला पुरेपूर कळलेलं होतं. आणि आज आपल्या मतदान यंत्रातून जो लांबलचक 'पीं' असा आवाज येतो, तो तरी दुसरं काय सांगतो? मत पडलं, एकदाच पडलं, सर्वांनी ऐकलं. गांबियाच्या टिंगचा तो धाकटा भाऊच म्हणायचा.

आता त्या राज्यकर्त्याकडे वळू. याह्या जामे. २२ जुलै १९९४ रोजी सैन्यातल्या या २९ वर्षांच्या लेफ्टनंटनं काही साथीदारांना घेऊन सत्ता ताब्यात घेतली. स्वातंत्र्यापासून देश चालवणारे दाउदा जावारा यांना देश सोडावा लागला. सत्ता बळकावणारे सगळेच म्हणतात तसं यांनीही म्हटलं, की आम्ही भ्रष्टाचार निपटायला आलो आहोत. त्यानंतर १९९६, २००१, २००६ आणि २०११ अशा चार निवडणुका ते लागोपाठ जिंकले. दरम्यान त्यांच्या नावाला बिरुदं चिकटत गेली. शेख, प्रोफेसर, अल-हाजी, डॉक्टर. संपूर्ण नाव घ्यायचं तर निवेदकाला मध्ये श्वास घ्यावा लागे. माझ्या नावामागं बी. ए. ही दोनच अक्षरं आहेत आणि तीसुद्धा लग्नपत्रिकेपलीकडं फारशी उपयोगी पडली नाहीत, म्हणून मला याचं विशेष कौतुक.

पण गंमत इथंच संपते. एप्रिल २००० मध्ये विद्यार्थ्यांच्या निदर्शनांवर गोळ्या चालल्या आणि चौदा जण मेले. १६ डिसेंबर २००४ च्या रात्री 'द पॉइंट' या वृत्तपत्राचे संपादक डेदा हायदारा यांना मोटारीत गोळ्या घालण्यात आल्या. २००७ मध्ये राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलं, की आपल्याकडं एड्स बरा करणारा झाडपाला आहे, आणि रुग्णांना नेहमीची औषधं सोडायला लावली. २००९ मध्ये चेटूक करणाऱ्यांना हुडकण्याची मोहीम निघाली. खेड्यांतल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना धरून नेलं आणि त्यांना जबरदस्तीनं कसलासा काढा पाजला. २०११ मध्ये बीबीसीशी बोलताना ते म्हणाले, की अल्लाची मर्जी असेल तर आपण अब्ज वर्षंसुद्धा राज्य करू.

इथं मला थोडं थांबावंसं वाटतं. गांबियात दर शंभरातले नव्वदहून अधिक लोक मुसलमान आहेत. ख्रिस्ती थोडे, पण पिढ्यान् पिढ्या शेजारी राहणारे. सणाला इकडचं ताट तिकडं जातं. आपल्या गल्लीत शीरखुर्म्याचा डबा जातो आणि दिवाळीत तोच डबा चकल्या घेऊन परत येतो, तसंच. राज्यघटना धर्मनिरपेक्ष. अशा देशात डिसेंबर २०१५ मध्ये जामे यांनी एका सभेत जाहीर करून टाकलं, की आजपासून हे इस्लामी प्रजासत्ताक आहे. कुणाला विचारलं नाही आणि कसलं मतदानही घेतलं नाही. पुढच्याच महिन्यात सरकारी नोकरीतल्या बायकांनी डोक्यावर रुमाल बांधावा, असा हुकूम निघाला. ओरड झाल्यावर तो मागं घेतला गेला. पांढराशुभ्र झगा, हातात तसबीह, कुराण आणि काठी, असं त्यांचं रूप जगानं पाहिलेलं आहे. त्यांच्या पक्षाचा रंगही हिरवा होता, आणि पिंपही हिरवं.

मी मुसलमान घरात वाढलो. हिरवा रंग आमच्या दर्ग्याच्या चादरीवर असतो, मशिदीच्या दारावर असतो. तो पाहिला की मन मऊ होतं, हे मी नाकारत नाही. जगातल्या अनेक राज्यकर्त्यांना हे पुरतं ठाऊक असतं, आणि ते काही एकाच धर्मात घडतं असं नाही. लोक जाब विचारू लागले की राज्यकर्ता देवाच्या मागं जाऊन उभा राहतो. म्हणजे मग त्याला विचारलेला प्रश्न देवाला लागतो. गांबियाच्या लोकांनी याला जे उत्तर दिलं, ते मला फार शहाणपणाचं वाटतं. त्यांनी रस्त्यावर उतरून धर्माची चर्चा केली नाही. सकाळी नमाज पढून ते रांगेत उभे राहिले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांनी हिरवं पिंप सोडून दुसऱ्या पिंपांत गोटी टाकली. आमच्या उलेमांमध्ये असा एक विचार आहे, की मत म्हणजे शहादत, साक्ष. साक्ष लपवू नये आणि खोटी देऊ नये, हे लहानपणी मदरशात आम्हाला शिकवलेलं. त्या दिवशी गांबियात ही शिकवण घंटी वाजवून पाळली गेली.

ती निवडणूक सोपी मात्र नव्हती. १४ एप्रिल २०१६ रोजी निवडणूक सुधारणांची मागणी करत काही कार्यकर्ते रस्त्यावर आले. त्यांचे म्होरके सोलो सांदेंग यांना पकडलं आणि कोठडीतल्या मारहाणीत ते मेले. त्यांच्यासाठी निदर्शनं करणारे विरोधी पक्षाचे ज्येष्ठ नेते उसैनू दार्बो यांना जुलैत तीन वर्षांची शिक्षा झाली. म्हणजे निवडणूक तोंडावर आणि नेता तुरुंगात. तेव्हा आजवर आपसांत भांडत आलेले विरोधी पक्ष एकत्र आले आणि त्यांनी अदामा बॅरो नावाचा उमेदवार दिला. जमीनजुमल्याचे व्यवहार करणारा, फारसा कुणाला माहीत नसलेला माणूस. तरुणपणी लंडनमध्ये एका दुकानात सुरक्षारक्षकाचं काम केलेला. योगायोग असा, की जामे आणि बॅरो दोघांचंही जन्मसाल १९६५, देशाच्या स्वातंत्र्याचं साल. तिसरे उमेदवार होते मामा कांदे.

१ डिसेंबर २०१६ ला मतदान झालं. आदल्या रात्रीपासून इंटरनेट बंद, परदेशी फोन बंद. पण घंटी कशी बंद करणार? दिवसभर टिंग टिंग होत राहिलं. संध्याकाळी गोट्या ट्रेमध्ये बसू लागल्या. दुसऱ्या दिवशी स्वतंत्र निवडणूक आयोगाचे अध्यक्ष अलियू मोमार एन्जाय यांनी निकाल वाचून दाखवला. वय ८० च्या पुढं. बॅरो २,६३,५१५. जामे २,१२,०९९. कांदे १,०२,९६९. राष्ट्राध्यक्ष हरले होते.

आणि मग अघटित घडलं. जामे यांनी दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर बॅरोंना फोन लावला आणि हसत हसत अभिनंदन केलं. आपल्या देशातल्या मतदानात लबाडी होऊच शकत नाही, हे ते आधीपासून अभिमानानं सांगत असत. स्वतःच्या तोंडच्या शब्दांना स्वतःच बांधले गेले म्हणायचे. राजधानी बांजुल आणि सेरेकुंडाच्या रस्त्यांवर लोक नाचले. ज्यांना आठवतं तेव्हापासून भिंतीवर एकच फोटो पाहत आलेली तरुण पोरं रडली.

श्रोतेहो, मला खरं सांगायचं आहे ते यापुढचं. निकालाला तीन दिवस झाले आणि ५ डिसेंबरला आयोगानं पुन्हा एक निवेदन काढलं. एका भागातल्या मतांची बेरीज चुकली आहे, असं त्यात म्हटलं होतं. सुधारित आकडे असे: बॅरो २,२७,७०८, जामे २,०८,४८७, कांदे ८९,७६८. विजेता तोच राहिला. पण आधी जिंकलेल्या माणसाची आघाडी ५१,४१६ होती, ती १९,२२१ वर आली.

क्षणभर त्या म्हाताऱ्या माणसाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. हुकूमशहानं हार मानलेली. देश आनंदानं वेडा झालेला. निकाल बदलणार नाही, हे नक्की. अशा वेळी टेबलावर एक कागद येतो आणि लक्षात येतं, की हातचा चुकलाय. आपल्यापैकी किती जण म्हणाले असते, 'अहो, राहू द्या आता. जिंकणारा तर जिंकलाच आहे. कशाला उगाच विस्तवाला फुंकर घालता?' हा सल्ला द्यायला भोवती शहाणी माणसं नक्कीच असतील. आणि तो सल्ला अगदीच चुकीचा होता असंही म्हणता येत नाही. कारण पुढं नेमकं तेच झालं. ९ डिसेंबरच्या रात्री जामे पुन्हा दूरचित्रवाणीवर आले. या वेळी हसू नव्हतं. आयोगानं स्वतःच चुका कबूल केल्या आहेत, तेव्हा मला निकाल मान्य नाही, नव्यानं मतदान घ्या, असं त्यांनी जाहीर केलं. मधल्या काळात विरोधी आघाडीतल्या एका नेत्यानं, वर्षभरात जामेंवर खटला भरू, असं इंग्लंडच्या वृत्तपत्राला सांगितलं होतं. खरी भीती ती असावी, असं अनेक जाणकारांचं मत आहे. पण निमित्त मिळालं ते प्रामाणिकपणाचं.

मग आयोगाचं चुकलं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण त्या ट्रेमध्ये आहे. मोजणी केंद्राकेंद्रावर झाली होती. कुठं कुणाला किती गोट्या, हे गावागावात लोकांना तोंडपाठ होतं. ती चूक आज लपवली असती तर कुणीतरी उद्या केंद्रांचे आकडे मांडून बेरीज केली असती आणि मग एका भागाचं नव्हे, सगळ्या निवडणुकीचंच खोटं पडलं असतं. चूक कबूल केल्यामुळं १९,२२१ हा आकडा लहान झाला, पण तो पक्का झाला. त्यानंतर जगानं ज्याच्यामागं बळ उभं केलं, तो हाच लहान, पक्का आकडा होता.

९ डिसेंबर ही तारीख आणखी एका कारणानं लक्षात ठेवण्यासारखी आहे. त्याच पश्चिम आफ्रिकेत, घाना देशात, ७ तारखेला निवडणूक झाली होती. तिथले राष्ट्राध्यक्ष जॉन महामा हरले आणि ९ तारखेच्या रात्रीच त्यांनी पराभव मान्य केला. एकाच रात्री एक राष्ट्राध्यक्ष 'हरलो' म्हणाला आणि दुसऱ्यानं म्हटलेलं 'हरलो' गिळून टाकलं. चार दिवसांनी, १३ डिसेंबरला, जामेंची समजूत घालायला शेजारी देशांचे प्रमुख बांजुलला आले. लायबेरियाच्या एलेन जॉन्सन सरलीफ, नायजेरियाचे बुहारी, सिएरा लिओनचे कोरोमा, आणि त्यांच्यात नुकतेच हरलेले महामाही होते. 'असं हरायचं असतं' हे सांगायला याहून योग्य माणूस कुठून आणणार? त्याच दिवशी सैनिकांनी निवडणूक आयोगाच्या कचेरीचा ताबा घेतला.

जानेवारी उजाडला तोच भीती घेऊन. तेरांगा एफएम हे रेडिओ केंद्र वर्षाच्या पहिल्याच दिवशी बंद करण्यात आलं. हे केंद्र काय करायचं ठाऊक आहे? इंग्रजी वृत्तपत्रांतल्या बातम्या लोकांना त्यांच्या भाषांत वाचून दाखवायचं. जे वाचू शकत नाहीत त्यांच्यासाठी. आज तुमच्याशी रेडिओवरून बोलताना मला त्या निवेदकांची फार आठवण येते आहे. राज्यकर्त्याला वृत्तपत्र तितकं बोचत नाही, ते मोठ्यानं वाचलेलं बोचतं. एन्जाय यांनाही देश सोडून सेनेगलला जावं लागलं. बॅरोही सेनेगलची राजधानी डाकारमध्ये. याच दिवसांत त्यांचा आठ वर्षांचा मुलगा कुत्रा चावल्यानं गांबियात मरण पावला आणि बापाला मातीला जाता आलं नाही. हजारो लोक पोटलंभर सामान डोक्यावर घेऊन सरहद्दीपलीकडं गेले. ४५,००० जण गेल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज होता. मागं राहिलेल्या तरुणांनी सदऱ्यांवर एकच वाक्य छापलं, 'गांबियानं ठरवलं आहे.' ते सदरे घालणाऱ्यांची धरपकड झाली, तरी ते दिसत राहिले.

१७ जानेवारीला जामेंनी आणीबाणी पुकारली. १९ जानेवारी २०१७ रोजी बॅरोंचा शपथविधी झाला तो डाकारमधल्या गांबियाच्या वकिलातीत, एका लहानशा खोलीत. स्वतःच्या देशाचा राष्ट्राध्यक्ष परक्या देशात शपथ घेतो आहे! त्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं एकमुखानं त्यांच्या बाजूनं ठराव केला आणि एकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या संघटनेचं सैन्य सरहद्द ओलांडून आत आलं. लढाई झाली नाही. गांबियाच्या सेनाप्रमुखांनीच सांगून टाकलं, की मी माझी पोरं या भांडणात मरायला पाठवणार नाही. गिनी आणि मॉरिटानियाच्या राष्ट्राध्यक्षांनी शेवटची बोलणी केली आणि २१ जानेवारीच्या रात्री जामे विमानात बसले. मुक्काम इक्वेटोरियल गिनी. दोन-चार पोत्यांत मावतील एवढ्या गोट्यांच्या फरकासाठी चार-पाच देशांचं सैन्य उभं राहिलं होतं. त्या महिन्याच्या अखेरीस देशाच्या नावातला 'इस्लामी' हा शब्द काढून टाकल्याचं बॅरोंनी सांगितलं. मशिदी तशाच भरत राहिल्या. नमाजींची संख्या काही घटली नाही.

इथं गोष्ट संपवली तर ती ऐकायला गोड वाटेल. पण मी तुम्हाला निवडणुकीविषयी सांगतो आहे, परीकथा नव्हे. बॅरो निवडून आले तेव्हा आघाडीत ठरलं होतं, की तीन वर्षं राहायचं आणि नव्यानं निवडणूक घ्यायची. तीन वर्षं झाली, खुर्ची सुटली नाही. घटनेत पाच वर्षं आहेत, असं उत्तर आलं. 'तीन वर्षं झाली, वेळ संपली' म्हणत लोक रस्त्यावर आले आणि जानेवारी २०२० मध्ये त्या चळवळीवर बंदी आली. राष्ट्राध्यक्षाच्या कारकिर्दीवर मर्यादा घालणारा नव्या घटनेचा मसुदा सप्टेंबर २०२० मध्ये संसदेत पडला. आणि २०२१ मध्ये बॅरोंच्या नव्या पक्षानं समझोता केला तो कुणाशी? जामेंच्याच जुन्या पक्षाशी. ज्यांची माणसं कोठडीत मेली, त्यांना काय वाटलं असेल याची कल्पनाच केलेली बरी.

गोटीची ताकद मोठी, पण तिला मर्यादाही आहे, ती ही. कोण बसणार ते गोटी सांगते. बसल्यावर तो कसा वागेल, हे ती सांगत नाही. त्यासाठी दुसरे आवाज लागतात. तेही गांबियात उठले, हे मला महत्त्वाचं वाटतं. जानेवारी २०१९ पासून सत्यशोधन आयोगापुढं साक्षी सुरू झाल्या. साडेतीनशेहून अधिक माणसं येऊन बोलली आणि त्यांचं बोलणं रेडिओवरून, दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचलं. काढा पाजलेले म्हातारे बोलले. झाडपाल्याच्या नादात औषध सोडायला लावलेले रुग्ण बोलले. डेदा हायदारा यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्यांत आपण होतो, हे एका सैनिकानं सगळ्या देशासमोर सांगितलं. १ डिसेंबरला दिलेली साक्ष निनावी होती, एक टिंग एवढीच. ही साक्ष नावानिशी होती.

आयोगाचा अहवाल २५ नोव्हेंबर २०२१ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या हाती पडला आणि ४ डिसेंबरला पुन्हा मतदान झालं. या वेळी उमेदवार सहा, म्हणून पिंपं सहा. बॅरोंना ४,५७,५१९ मतं पडली. समोर होते तेच दार्बो, ज्यांच्या तुरुंगवासामुळं बॅरोंना पहिल्यांदा उमेदवारी मिळाली होती. त्यांना २,३८,२५३. दार्बोंच्या पक्षाला निकाल पटला नाही. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयानं अर्ज फेटाळला. पाच वर्षांपूर्वी जामेंनीही याच न्यायालयात धाव घेतली होती, तेव्हा अर्ज ऐकायला पुरेसे न्यायाधीशच नव्हते. या वेळी न्यायाधीश होते. एवढा तरी फरक पडला.

आणि हो, २०२१ चा निकाल वाचायला कोण बसलं होतं? तेच अलियू मोमार एन्जाय. देश सोडावा लागलेला, बेरीज चुकल्याचं जगापुढं सांगितलेला तो वृद्ध माणूस परत येऊन त्याच कामाला लागला होता. मतदारसंघाचं नाव घ्यायचं, उमेदवाराचं नाव घ्यायचं, आकडा वाचायचा. मग पुढचा मतदारसंघ. देशभरच्या गोट्या तोवर ट्रेमध्ये बसलेल्या होत्या, आणि कुणालाही त्या पुन्हा मोजता येणार होत्या.